रविवारचा बिघाड

"याचं काही होणार नाही," टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवत काका म्हणाले. माझी बॅग अजून खांद्यावरून उतरलीही नव्हती.

"दर रविवारी बंद पडतं गं," काकू आतून येत म्हणाल्या. "मुलाला व्हिडिओ कॉल लावावा, जरा वाट बघावी, की ब्राउझर गायब! शेवटी मीच तुमच्या दुकानात फोन केला."

"आणि त्यांनी पोरगी पाठवली," काका म्हणाले.

माझं डोकं सटकलं. शाळा सोडल्यापासून मला दोनच गोष्टी नीट जमतात, कम्प्युटर दुरुस्त करणं आणि उलट बोलणं. "पोरगी बघून मशीन लाजणारे का, काका?"

काकू हसल्या. काका नाही.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता रिटायर. जाड बोटं, तळव्यांवर जुने चट्टे. मी काम करत असताना ते माझ्या हातांकडेच बघत होते. साठलेला कचरा साफ केला. नको ती एक्स्टेन्शन्स उडवली. अपडेट टाकलं. मग ढीगभर टॅब उघडून वर व्हिडिओ लावला. आतला पंखा घोंगावला, पण ब्राउझर काही बंद पडला नाही.

"ठणठणीत आहे की!"

"आत्ता आहे. ऐनवेळी घात करतं," काका म्हणाले.

मला मात्र एक गोष्ट केव्हाची खटकत होती. ब्राउझर खरंच क्रॅश झाला, की पुढच्या वेळी उघडल्यावर विचारतो, आधीची पानं परत आणू का? आज उघडला तेव्हा त्याने काहीच विचारलं नव्हतं. म्हणजे मागच्या रविवारी त्याला कुणीतरी रीतसर बंद केलं होतं.

"वेळ झालीच," काकू उठल्या. "केस विंचरून येते. नाहीतर म्हणेल, आई आजारी दिसतेय."

त्या आत गेल्या आणि मी वळले. "काका, हा क्रॅश होतच नाही. तुम्ही बंद करता."

त्यांनी उठून दार लोटलं.

"हळू बोल. तो कॉलवर येतच नाही. मला फोनवर म्हणाला, बाबा, हे दर आठवड्याचं मला झेपत नाही. तिला नाही सांगितलं मी."

"मग सांगा की सरळ! मला कशाला फुकट राबवलं?"

"तुला तिनं बोलावलं. मी नाही." ते खुर्चीच्या कडेला टेकले. "लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, की आम्ही बाहेरून ओरडायचो, झालंच, दोन मिनिटं! बिघाड सापडलेलासुद्धा नसायचा. पण आत अंधारात माणसाला तेवढा आवाज पुरतो."

"आणि लिफ्ट निघालीच नाही तर?"

काकांनी उठून दार परत उघडलं.

काकू आल्या. केस चापूनचोपून, चष्मा पुसलेला. मी कॉल लावला. एका चौकटीत आम्ही तिघं दाटीवाटीने. दुसरी चौकट काळी, खाली ओळ: समोरची व्यक्ती अजून आलेली नाही.

"येईल आता," काकू सरसावून बसल्या.

काकांचा हात कीबोर्डपर्यंत आला आणि थांबला. मी बघत होते ना. मग त्यांनी हात मांडीवर घेतला.

कुणी येईना. काकू त्या काळ्या चौकटीकडे बघून आधीच थोडं थोडं हसत होत्या. ते मला बघवेना. मीच ब्राउझर बंद करणारी दोन बटणं दाबली.

"गेलं!" काकू ओरडल्या. "बघ, अस्संच होतं!"

"हो काकू. मला नाही जमलं." हे वाक्य मी शाळेत बाईंनी छडी उगारली तेव्हासुद्धा म्हटलं नव्हतं.

"आणि तो बिचारा तिकडे वाट बघत बसला असेल."

काका उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी चार्जर गुंडाळायला लागले, तर काकूंनी माझा हात धरला.

"घाई आहे का? केस विंचरलेच आहेत आता. बस ना समोर जरा."

मी लॅपटॉप बाजूला सरकवला आणि टेबलाच्या पलीकडे बसले. काकूंनी मला नीट न्याहाळलं.

"वेळेवर जेवतेस का?"

"हो."

"झोप होते?"

"होते."

"मग अशी बारीक का दिसतेस?"

"काम फार असतं," मी म्हणाले.

"असणारच," काकूंनी मान हलवली.

काकांनी काही वळून पाहिलं नाही.