ठाणेदाराचा हर्रास

आनंदाबाईने देवाला शब्द दिला तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पोरगी रेणू भंडाऱ्याच्या दवाखान्यात डेंगूने निपचित पडलेली, डॉक्टर विचारलं तरी नीट बोलेनात, आणि आनंदाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून देवाशी सौदा करत होती. "प्रभू येशू, माह्या पोरीले वाचवशीन तं तुले माहा ठाणेदार देईन!"

ठाणेदार म्हणजे तिचा बोकड. आई मेलेलं पिल्लू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं. दारात येईल त्याचे खिसे हुंगून झडती घ्यायचा, म्हणून हे नाव. साकोलीच्या बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत तो खाटेखाली झोपायचा आणि मनाला येईल ते खायचा. रेणूच्या बायबलातलं लेवीय नावाचं पुस्तक त्याने अख्खं चघळून टाकलं होतं. बोकड देवाला कसा वाहायचा ते त्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. खरं सांगायचं तर त्या घरात लेवीयाला तोंड लावणारा तो पहिलाच.

रेणू वाचली. घरी आली, मऊ भात खाऊ लागली, मोबाइलमध्ये बघून खिदळू लागली. आणि आनंदाबाईची झोप उडाली. तिचा बाप ख्रिस्ती झाला होता खरा, पण नवस काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नव्हता. आजीने गावच्या देवीला बोकड कापलेले तिने लहानपणी पाहिले होते. बोललेलं फेडलं नाही तर दिलेलं परत जातं, हे तिच्या हाडात मुरलं होतं. शेवटी ती पास्टर भुपेंद्रकडे गेली.

"अवो बाई, कायले असं बोलल्या?" पास्टरने कपाळावर हात मारला. "आपला देव बोकड मागत नाही. त्यानं आपला स्वतःचा कोकरा, येशू, दिला ना आपल्यासाठी!"

"मंग राहू देऊ काय?" आनंदाबाईचा चेहरा एकदम उजळला.

पास्टरने वर पाहिलं. चर्चच्या गंजक्या टिनातून ऊन आत येत होतं. "नाही म्हणजे... आता बोललाच आहा, तं कापणीच्या सणाले आणा त्याले. हर्रासात बोली लावून विकू."

देवाला नको, पण देवाच्या छपराला चालतो! आनंदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती मुकाट घरी आली.

कापणीचा सण म्हणजे धान घरात आल्यावरचा रविवार. लोक नवा तांदूळ, कोहळे, वांगी, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा हर्रास होतो. पुष्कळदा ज्याचा कोहळा तोच बोली लावून परत नेतो, तेवढीच देवाची सेवा. बोकडाचं मात्र तसं नाही. बोकड दिसला की हायवेवरचा ढाबेवाला नत्थू हजर, आणि त्याच्यापुढे बोली लावायची आनंदाबाईची ऐपत नव्हती.

सणाच्या सकाळी तिने ठाणेदाराच्या गळ्यात दोर बांधला. बांधला तो उगाचच. तो नेहमीसारखा तिच्या बाजूने टुणटुण चालला होता, मधेच तिचा पदर चावत होता. कुठे चाललो, काहून चाललो, त्याला काही पडलेली नव्हती. आनंदाबाई सोबत आहे म्हणजे झालं. तिला रडू फुटायला लागलं, तर रेणू म्हणाली, "माय, लोकं पाहून राहिले." रेणूचे स्वतःचे डोळेही लाल झाले होते.

उपासनेत पास्टरने नेमका मेंढपाळाचाच धडा काढला. मेंढरं आपल्या धन्याचा आवाज ओळखतात, त्याच्यामागे बिनघोर जातात, वगैरे. मग गीत सुरू झालं. आनंदाबाईचा आवाज ऐकताच बाहेर आंब्याला बांधलेला ठाणेदार जीव खाऊन ओरडला. सगळं चर्च हसलं. आनंदाबाईच्या तोंडून पुढचं कडवं निघालं नाही.

हर्रास पुकारायला चर्चचे खजिनदार भय्याजी स्टुलावर चढले. तांदूळ गेला, कोंबड्या गेल्या. आनंदाबाईने ठाणेदाराला आंब्यापासून सोडून पुढे आणलं तसा नत्थू पुढे झाला आणि त्याने बोकडाच्या पाठीवर बोटं दाबून मांस चाचपलं. ठाणेदाराने रीतसर नत्थूच्या खिशाची झडती घेतली. तिथे तंबाखूशिवाय काही सापडलं नाही, तेव्हा परत येऊन त्याने आनंदाबाईच्या गुडघ्यांमागे डोकं खुपसलं.

नत्थूने बोली सांगितली. त्यावर कोणी बोली चढवली नाही.

"एक वार!" भय्याजी ओरडले.

"थांबा जी," आनंदाबाई म्हणाली.

"बोली हाये काय तुमची?"

"बोली नाई. बोलणं हाये." तिने ठाणेदाराकडे बोट दाखवलं. "यानं माह्या साड्या खाल्ल्या. पोरीचं बायबल खाल्लं. याचा मले कवडीचा उपेग नाई. पण म्या याले एक दिवस तरी म्हटलं काय, का आधी मले काही आणून दे, मंगच तुले पाला टाकीन? माह्यासारखी भांडकुदळ बाई असं म्हणत नाई, अन् तो देव मले पोरगी देऊन वरून बोकड मागते काय? माह्यापेक्षा हलका हाये काय तो?"

पास्टर खाकरले. "बाई, पण दिलेला शब्द..."

"शब्द म्या देल्ला. त्यानं मागितला नव्हता. तुमीच सांगितलं!"

आनंदाबाईने रेणूचा हात धरला, दुसऱ्या हातात दोर घेतला आणि ती फाटकाबाहेर पडली. मागे भय्याजींनी घाईघाईने कोहळा पुकारायला घेतला.

हायवेपर्यंत ती तोऱ्यात चालली. रेणू तर हसून हसून बेजार झाली होती. मग रेणू थांबली, तिने कपाळ दाबलं.

"माय, डोकं दुखून राहिलं माहं."

आनंदाबाईही थांबली. डेंगूही असाच डोक्यापासून सुरू झाला होता. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. पण भर उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या पोरीचं कपाळ गरम नाही लागणार तर काय? उन्हाचं का तापाचं, हाताला काही कळेना. चर्चमधला भय्याजींचा आवाज इथवर ऐकू येत होता. हर्रास चालू होता. नत्थूची गाडी फाटकाशीच उभी होती. आत्ता मागे फिरली तर ठाणेदार देऊन टाकता आला असता.

तिने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा ठाणेदाराकडे. मग तिने पदर काढून रेणूच्या डोक्यावर टाकला आणि मान वर केली.

"पाह्य बरं," ती वर बघून दरडावून म्हणाली. "माह्यापाशी आता तुले द्यायले काहीच नाई. तरी पोरगी मी तुह्याच भरवशावर घरी नेऊन राहिली."

तिने दोर ओढला आणि तिघं घराकडे चालू लागली.