शालीबाहेरचं बोट

मित्रांनो, सिंधुताईंच्या कापडी पिशवीत आम्ही सहा वस्तू होतो: दोन मफलर, चिवड्याचा डबा, टॉर्च, देवाजींचा इन्हेलर आणि मी. मी बोटाला चिमट्यासारखा बसणारा जुना ऑक्सिमीटर आहे.

कारखान्यात माझ्या पोटात दोन दिवे बसवले गेले; एक लाल, दुसरा माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा. त्यांचा उजेड बोटातून आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू शेकडा किती, ते मी सांगतो. मोठ्या साथीच्या वर्षी देवाजींनी मला भिलाईच्या सिविक सेंटरच्या बाजारातून आणलं. तेव्हा क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत मी हातोहात फिरलो. लोक श्वास रोखून माझ्याकडे पाहत. साथ ओसरली आणि मी ड्रॉवरमध्ये पडलो. सेल गळून माझ्या स्प्रिंगला हिरवा गंज चढला. देवाजींची छाती मात्र त्या आजारातून पुरती सावरली नाही.

डोंगरातल्या तळ्याकाठच्या गावी जायचं, हे देवाजींच्या पोलाद प्लांटच्या नोकरीत दरवर्षी ठरलं आणि दरवर्षी राहिलं. यंदा देवाजी बायकोला, सिंधुताईंना, घेऊन निघालेच. सोबत त्यांचे जुने सोबती शेषराव होते. आकडा नव्वदच्या खाली गेला तर त्याच दिवशी डोंगर उतरायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सिंधुताईंनी माझा गंज पुसला आणि नवे सेल घातले.

गाव निवांत होतं. वाळूवर रंगीत छत्र्या, झाडांना बांधलेले झोपाळे, पाण्यावर नावा. सिंधुताई चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेनं चालत सुटल्या. त्या लांब गेल्यावर देवाजींनी मला बोटावर चढवलं. मी सत्त्याऐंशी दाखवले. त्यांनी मला मुठीत झाकून घेतलं.

"तिले सांगू नको," ते शेषरावांना म्हणाले. "पाह्यलं का, कशी हासून राह्यली ते?"

मग दोघे एकाच शालीत बसू लागले. सिंधुताई आकडा विचारायला आल्या की शालीबाहेर एक बोट यायचं. ते शेषरावांचं असायचं. मी पंच्याण्णव दाखवायचो, आणि सिंधुताई निर्धास्त होऊन पुन्हा पाण्याकडे जायच्या. मी खोटं बोलत नव्हतो, मित्रांनो. पण बोट कुणाचं, हे सांगायला माझ्याकडे दिवा नाही.

"माहं बोट भाड्यानं देऊन राह्यलो मी," शेषराव पहिल्या दिवशी म्हणाले. "चहा तुह्याकडे."

तिसऱ्या दिवशी देवाजींना एक वाक्य एका दमात पुरं करता येईना. शेषरावांची थट्टा थांबली. आता उतरू, असं ते दोनदा म्हणाले. देवाजींनी मान हलवली.

"आजचा दिवस... तिले नावेत बसाचं हाये."

दुपारी सिंधुताई नावेसाठी बोलवायला आल्या. त्यांनी सवयीनं मला पुढे केलं. शालीतून बोट आलं नाही. शेषराव उठून बाजूला उभे राहिले.

"वहिनी, ते बोट माहं होतं," ते म्हणाले. "रोज."

 सिंधुताई वाळूत गुडघे टेकून बसल्या आणि शालीत हात घालून त्यांनी देवाजींचा हात बाहेर काढला. नखं जांभळी पडली होती.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्या वस्तूंना जपा, आमचा गंज पुसत जा. पण आजारी माणसाला आमच्या भरवशावर सोडून जाऊ नका. आकडा वाचायच्या आधी त्याचा हात आपल्या हातात घ्या.

सिंधुताईंनी मला देवाजींच्या बोटावर बसवलं. माझे दोन्ही दिवे लागले. आकडा थोडा वेळ हलत राहिला, मग स्थिरावला. एकोणऐंशी.