रोडग्यातलं नख

दामिनी अमरावतीच्या पार्लरातून नकली नखं लावून आली, तशी सासू मनकर्णाबाई कडाडली, "तो गोंद, तो नखं वाळवाचा दिवा, अन् नखं घासाले साऱ्या बायांले एकच कानस! बोटं सडतीन तुये!"

रविवारी घरी गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत बसली आणि दामिनीला दिसलं, करंगळीचं नख गायब! कणीक तिनंच मळलेली. तिनं घाबरत सांगून टाकलं. मग काय विचारता! पाहुणे तूप सोडून रोडग्यांचा भुगा चिवडत बसले. मनकर्णाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरूच.

एवढ्यात नणंद पौर्णिमा ओरडली, "आई, तुया अंबाड्यात गुलाबी काय हाय?"

सकाळी सासूच्या डोक्याला तेल दामिनीनंच चोळलं होतं.

मनकर्णाबाईनं नख उपसून निरखलं. "तरीच आज डोकं एवढं मस्त खाजवल्या गेलं व! पुढच्या बारीले पक्के लावून ये."