आळसकपात

आमच्या शिलाई कारखान्यात खरी वेळ फळ्यावर लिहायची पद्धतच नव्हती. शर्टाला वीस मिनिटं लागत असतील, तर फळ्यावर सतरा. माणूस शंभरातली पंधरा मिनिटं चहा, गप्पा आणि बाथरूममध्ये जाऊन रडण्यात घालवतोच, म्हणून ती आधीच कापायची, असं मॅनेजरांचं शास्त्र होतं. आम्ही त्याला आळसकपात म्हणायचो. मी अकरा वर्षं गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शिवणाऱ्या बायकांच्या मागे उभी राहिले. तोंडावर त्या मला घड्याळीण म्हणायच्या. पाठीमागे काय म्हणायच्या, ते छापण्यासारखं नाही.

माझी धाकटी बहीण तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि सायकलीच्या संघात जायचं वेड तिच्या डोक्यात होतं. निवडीची शर्यत तलावाभोवती, चार फेऱ्या, पंच्याहत्तर मिनिटांच्या आत. सत्तावीस पूर्ण झाली, की संघाचं दार बंद. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी.

"ताई, तू वेळा बांधतेस ना? मग मला बांधून दे," ती म्हणाली.

मी बारा आठवड्यांचा तक्ता केला. कुठल्या दिवशी चढ, कुठल्या दिवशी वेग, कुठल्या दिवशी पाय वर करून झोपणं. शेवटच्या आठवड्यापर्यंत एक फेरी सोळा मिनिटांत आली पाहिजे, असं लाल शाईनं लिहून कागद तिच्या हँडलला चिकटवला.

पोरीनं जीव काढला. तेवीस मिनिटांवरून एकोणीस, एकोणीसवरून साडेसतरा. तिथे गाडी जी अडली ती अडलीच. रोज घरी येऊन बूट भिंतीवर फेकायची. मी ताई असल्यामुळे "मेहनत कमी पडतेय" वगैरे ज्ञान पाजळायचे. मला स्वतःला सायकलवर बसताही येत नव्हतं.

शर्यतीच्या तीन दिवस आधी ती सायकल विकायला निघाली. मीही मागोमाग गेले. सायकलवाल्यानं चाकं फिरवून बघितली, चेन बघितली, मग हँडलवरचा कागद वाचला.

"सोळा चोक चौसष्ट," तो म्हणाला. "शर्यत पंच्याहत्तरची ना? मग उरलेली अकरा मिनिटं काय करणार? शेवटच्या वळणावर केस विंचरणार?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी दुकानातल्या ट्यूबांकडे बघितलं. सवयीचा हात होता हो! पंच्याहत्तर दिसले, की पंधरा टक्के आपोआप कापले गेले.

"बारा आठवडे!" ती किंचाळली. "बारा आठवडे मी स्वतःला गाढव समजत होते, आणि गाढव घरात तक्ते करत बसलं होतं!"

"तू एकदा तरी गुणाकार करायचास."

"गुणाकार तुझ्याकडे होता, ताई. पाय माझ्याकडे होते. वाटणी अशीच ठरली होती."

सायकल विकली नाही. पण नवीनच दुखणं सुरू झालं. आपण पाहिजे त्याच्यापेक्षा वेगवान आहोत, हे कळल्यावर बाईसाहेब शर्यतीला वरातीसारख्या निघाल्या. पहिल्या फेरीत ओळखीच्यांना हात केले, एकीला खुशाली विचारली, आणि एकवीस मिनिटं लावली. मी काठावर उभी. माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं, त्यानं शेजारचे पंच दोन पावलं सरकले. कारखान्यातल्या बायकांकडून अकरा वर्षांत तेवढं तरी शिकले होते.

तिला ते ऐकू गेलं असावं. पुढच्या तीन फेऱ्या तिनं मान खाली घालून मारल्या. चौऱ्याहत्तर मिनिटं, चाळीस सेकंद. उतरली, गवतावर आडवी झाली आणि बराच वेळ नुसती हसत राहिली. संघाच्या यादीत तिचं नाव सर्वांत खाली होतं. पण होतं.

त्यानंतर माझा प्रत्येक तक्ता ती आधी सायकलवाल्याकडून तपासून घ्यायची. तक्ते मी चोखच करायचे. फक्त तिनं फेरीची रेघ ओलांडली, की स्टॉपवॉचचं बटण जरा उशिरा दाबायचे. आठ-दहा सेकंद. जास्त नाही. तिची प्रगती थांबू नये म्हणून.

तीन वर्षं हे चाललं, आणि तिला अजून पत्ता लागलेला नाही. आता ती अडुसष्टची आहे. हे वाचून फोन करेलच.