ठिपक्याचा चेंडू

पाटोद्याच्या वरच्या अंगाला अमरसिंह दादासाहेबांचा माळ आहे. खडकाळ, कुसळी गवताचा, मेंढरांशिवाय कुणाच्या उपयोगाचा नव्हता. दादासाहेबांच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा पुण्याच्या डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. काम नसताना चालत सुटणं त्यांना पटेना. मग तिथंच कुणीतरी त्यांना गोल्फ दाखवला. चेंडूमागं चालायचं असेल तर त्याला काहीतरी अर्थ होता. परत आल्यावर त्यांनी माळाला तारेचं कुंपण घातलं आणि नऊ खड्डे करून घेतले. प्यायला टँकर लागणाऱ्या मुलखात हिरवळ कुठून आणणार? खड्ड्याभोवती वाळू आणि जुनं इंजिन ऑइल कालवून तपकिरी चौथरे केले. त्यावरून चेंडू सुरेख घरंगळायचा.

खेळायला जोडीदार हवा होता. गावातले लोक यायचे, हसायचे, चहा पिऊन जायचे. मुलगा युवराज ठेकेदारीच्या कामानं सदा बाहेर. शेवटी एका सकाळी दादासाहेब सुनेला म्हणाले, "सत्यशीला, तू खेळाडू होतीस म्हणं. चल."

सत्यशीला परळीची. वडील थर्मल वीजकेंद्रात फिटर होते. खो-खोत ती विद्यापीठाकडून खेळली होती, खेळाच्या शिक्षिकेची बीपीएड पदवी घेतली होती. लग्न ठरलं तेव्हा लातूरच्या एका शाळेतून नोकरीचं बोलावणंही आलं होतं. "बघू लग्नानंतर," असं सगळे म्हणाले. लग्नानंतर तिनं युवराजला विचारलं, तो म्हणाला, "दादासाहेबांना विचार." सासूला, सरस्वतीबाईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. आणि दादासाहेबांना विचारल्यावर ते पेपरातून वर न बघता म्हणाले, "आपल्या घरातल्या बायका नोकरीला जात न्हाईत." त्यानंतर तिचं घराबाहेर पडणं म्हणजे गाडीतून लग्नाला जाणं आणि गाडीतून परत येणं.

त्यामुळे माळावर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिला वाऱ्याचंच नवल वाटलं. घरात वारा यायचा, पण खिडकीच्या मापानं.

दादासाहेबांनी तिला इंग्रजी नियमाचं पुस्तक वाचायला दिलं आणि ती ते खरंच वाचायला लागली. तिला ते आवडलं. वाड्यातले नियम आधी कुणी सांगत नसे, मोडल्यावर कळायचे. आणि ते माणसागणिक बदलायचे. इथं सगळं अगोदरच लिहिलेलं होतं, आणि पुस्तकात सासरा-सून असं काही नव्हतं.

चेंडू दादासाहेबांनी खोक्यानं मागवले होते. प्रत्येकावर निळ्या अक्षरात 'अमर' छापून घेतलं होतं. एकदा दोघांचे चेंडू घाणेरीच्या एकाच झुडपात गेले. बघतात तर दोन्ही शेजारी पडलेले, दोन्हींवर 'अमर'.

"ह्यो माझा," दादासाहेब म्हणाले.

"कशावरनं?"

"सगळेच माझे हायेत."

सत्यशीलेला हसू आलं. तिनं पुस्तकातला नियम सांगितला. आपला चेंडू आपल्याला ओळखता आला नाही, तर तो हरवला असंच धरायचं. दोघांचेही हरवले. म्हणून प्रत्येकानं चेंडूवर आपली खूण करायची, आणि उचलून बघायचा असेल तर आधी जागेवर नाणं ठेवायचं. दादासाहेब त्या दिवशी खुशीत होते. "बरं, कर खुणा. तुझ्यावर तुला काय काढायचं ते काढ," म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी ती दोन चेंडू काढायची. त्यांच्या चेंडूवर 'अमर'च्या खाली मार्करनं काळा ठिपका. स्वतःच्या चेंडूवरचं निळं नाव खरवडून तिथं नेलपॉलिशनं लाल चंद्रकोर. त्या घरात नाव खरवडलेली तेवढी एकच वस्तू होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला सिरसाळ्याचे राधाकिशनशेठ खेळायला आले. त्यांची कापसाची जिनिंग होती आणि बाजार समितीच्या निवडणुकीत त्यांना दादासाहेबांचा पाठिंबा हवा होता. बरोबर त्यांचा मुलगा अभिमन्यू, पुण्यात शिकलेला, तिथं खेळ शिकलेला. जोडीनं सामना ठरला. एका बाजूला दादासाहेब आणि सत्यशीला, दुसऱ्या बाजूला बापलेक. चौघांनी आपापला चेंडू खेळायचा आणि जोडीतला ज्याचा चांगला, तो धरायचा. पाहुण्यांसमोर सुनेला खेळवायचं की नाही यावर सरस्वतीबाईंचं आणि दादासाहेबांचं थोडं वाजलं. पण चौथा माणूस नव्हता.

सुरुवातीला अभिमन्यूनं रीतीप्रमाणे सगळ्यांच्या खुणा विचारल्या. दादासाहेबांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "अमर, खाली काळा ठिपका."

आठ खड्डे झाले तेव्हा सामना बरोबरीत होता. कडेला गावातली पंधरा-वीस माणसं, दोन पत्रकार, खुर्च्या, चहाची किटली. नवव्या खड्ड्याला दादासाहेबांनी जोर लावला आणि चेंडू डावीकडं ओढ्याच्या काठच्या तरवडात गेला. सत्यशीलेचा मात्र मधोमध, सरळ.

सगळे शोधायला गेले. शोधायला तीन मिनिटं मिळतात. दादासाहेब काठीनं झुडपं हाणत होते, मान लाल झाली होती. खरं तर त्यांचा चेंडू नाही सापडला तरी काही बिघडत नव्हतं, जोडीदारणीचा चेंडू उत्तम पडला होता. हे सत्यशीलेला कळत होतं आणि दादासाहेबांनाही. पण सुनेनं जिंकून दिलं असं गावात झालं असतं.

ती ओढ्याच्या अंगाला वाकली आणि तिला चेंडू दिसला. दोन दगडांच्या फटीत, तरवडाच्या बुंध्याशी. निळं 'अमर' आणि खाली तिनंच सकाळी काढलेला काळा ठिपका. ती हाक मारणार, तेवढ्यात पाठीमागून दादासाहेबांचा आवाज आला.

"सापडला! सापडला हितं!"

ती वळली. दादासाहेब मोकळ्या जागेत उभे होते. तिथून ती स्वतः आत्ताच चालत आली होती, तिथं काही नव्हतं. त्यांच्या पायाशी पांढरा शुभ्र चेंडू होता. त्यांचा हात अजून खिशाजवळ होता.

दोघांची नजरानजर झाली. दादासाहेबांच्या नजरेत राग नव्हता, विनंती तर नव्हतीच. नोकराला पाणी आण म्हणताना असते तशी ती नजर होती. ती काय करणार याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. ती काही बोलायच्या आत त्यांनी फटका मारला. चेंडू झकास गेला. त्याच्या पुढचा फटका तर खड्ड्याला वीतभर अंतरावर थांबला. कडेची माणसं ओरडली.

चौथऱ्यावर सगळे जमले. राधाकिशनशेठ केव्हाच बाद झाले होते. अभिमन्यूचा चेंडू पाच फटक्यांत आत गेला. "दिला, दादासाहेब, तुमचा दिला!" शेठ म्हणाले. म्हणजे आता मारून दाखवायची गरज नाही, चार धरले, सामना संपला. अभिमन्यूनं वाकून चेंडू उचलून दादासाहेबांना दिला, आणि देता देता थांबला.

"काका, ठिपका कुठाय?"

"कसला?"

"काळा ठिपका. तुम्ही सांगितला होता ना."

"नाव वाच की. अमर लिवलंय."

"ते सगळ्यांवरच असंल ना. हा तुमचाच कशावरनं?"

मुलगा वाईट हेतूनं विचारत नव्हता, त्याला असंच शिकवलं होतं. पण कडेची कुजबुज थांबली. दादासाहेब हसले. "पुसला असंल गवतात. सूनबाईनं काढला व्हता, तिलाच इचारा."

सगळे सत्यशीलेकडं बघायला लागले. तिनं डोक्यावरचा पदर सावरला. हो म्हटलं की संपलं. कुणाचं काही जाणार नव्हतं, उद्या सकाळी पुन्हा वारा मिळणार होता. पण तिचाच ठिपका पुसला गेला असं तिनंच म्हणायचं होतं. आणि माळावर, जिथं पुस्तकाप्रमाणे चालतं असं तिला वाटत आलं होतं, तिथंही मग पेपरातून वर न बघता ठरणार होतं.

"पुसला न्हाई," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ठिपक्याचा चेंडू तिकडं तरवडाखाली हाय. दगडात."

अभिमन्यू तिकडं जायला वळला. त्याच्या बापानं त्याचा दंड धरला.

"कुठं निघाला बे? जुनेपाने पडलेले असतेत तिथं." राधाकिशनशेठ सत्यशीलेकडं बघून गोड हसले. "सूनबाई, उन्हाचं व्हतं असं. दादासाहेबांचा चेंडू पडताना मी या डोळ्यानं बघितला. ह्योच हाय. काय रं अभिमन्यू?"

अभिमन्यूनं मान खाली घातली. "हां. असंल."

सत्यशीला शेठकडं बघतच राहिली. दादासाहेब खोटं बोलले हे तिला समजत होतं. पण ज्याची फसवणूक झाली, तोच माणूस ती फसवणूक दोन्ही हातांनी झाकत होता. आता तिचं खरं कुणालाच नको होतं. माळाला चारी बाजूंनी तार होती आणि ती मधोमध उभी होती.

"झालं मंग," दादासाहेब म्हणाले. "सत्यशीला, तुझा चेंडू उचल आता. त्याची गरज न्हाई."

तिचा चेंडू चौथऱ्याच्या कडेला होता, तीन फटके झालेले. आत गेला तर तिचेही चारच.

"उचलत न्हाई," ती म्हणाली. "माझा माझा खेळते."

पण तोवर माणसं खुर्च्यांकडं निघाली होती. कुणीतरी हार आणला होता, पत्रकार फोटोसाठी दादासाहेबांना उन्हाकडं तोंड करायला सांगत होते. अभिमन्यू एकटा खड्ड्यातला झेंडा काढून धरून थांबला. सत्यशीलेनं वाळूवरचा ओरखडा सपाट केला, चेंडूमागं उभी राहिली आणि हलकेच मारला. चेंडू उतारानं वळला, काठावर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

"वहिनी," अभिमन्यू हळूच म्हणाला, "खरं तर तुम्ही जिंकलात."

"मला म्हाईत हाय. मघाशी बोलायचं व्हतं."

तो झेंडा परत खड्ड्यात रोवून बापाच्या मागं गेला.

संध्याकाळी दादासाहेब जेवायला बसले तेव्हा वाढायला सरस्वतीबाई स्वतः गेल्या. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "खरं बोलू नको असं न्हाई म्हणत मी. पर चारचौघात? पाव्हण्याम्होरं?"

"त्यांनीच चारचौघात इचारलं, आत्याबाई."

"इचारलं म्हंजी सांगायचंच असतं का?" सरस्वतीबाईंनी विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मग त्या पातेलं खाली ठेवत म्हणाल्या, "माझं आयुष्य न सांगण्यातच गेलं."

दुसऱ्या दिवशी माळाच्या फाटकाला कुलूप होतं आणि सोप्यातली तिची गोल्फच्या काठ्यांची पिशवी नव्हती. युवराजचा फोन आला. "माफी माग ना, विषय संपव. तोंड हालवायला काय लागतं?"

"कशाची माफी मागू?"

"कशाची पण माग!"

तिनं मागितली नाही. दिवस घरातल्या घरात जायला लागले. डाळी निवडायच्या, पापड वाळत घालायचे, गच्चीवर जाऊन कपडे काढायचे. गच्चीवरून माळ दिसायचा, म्हणून ती कपडे काढताना पाठ करून उभी राहायची. आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं. पण हे कधी सुटेल असंही वाटत नव्हतं, आणि रात्री छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं.

दादासाहेब आता दुसऱ्या माणसांबरोबर खेळायचे. कधी सरपंच आसाराम, कधी कुणी कार्यकर्ता. रोज जिंकून यायचे आणि रोज आणखी वैतागलेले. मग जाणंच बंद केलं. डॉक्टरनं फोनवर रागे भरलं तरी जाईनात.

एका दुपारी ती अंगणात पापड उलटत होती. दादासाहेब येऊन ओट्यावर बसले.

"त्यो आसाराम," ते म्हणाले, "माझा चेंडू पायानं म्होरं ढकलतो. मला दिसतंय. मी काय आंधळा हाय का?"

ती पापड उलटत राहिली.

"उद्यापासनं चल तू."

"न्हाई, दादासाहेब."

"कावून?"

"आठ दिवसांनी पुन्हा कुणी पाव्हणा येईल. मंग पुन्हा मलाच इचारचाल." तिनं पापड खाली ठेवले. "यायचं तर मला नोकरी करायचीय. लातूरला शाळेत. सुट्टीला येईन, तवा खेळू."

दादासाहेब ताडकन उठले. "लातूर? एकटी ऱ्हायची?" ते आत निघून गेले आणि त्यांचा आवाज घरभर ऐकू आला. पुढं बरेच दिवस घरात त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. युवराज येऊन भांडून गेला. सत्यशीलेला वाटलं, होतं तेवढंही आपण घालवलं.

जूनमध्ये पाटोद्याच्या एका शाळेचे मुख्याध्यापक रामप्रसाद गुरुजी घरी आले. दादासाहेब त्या संस्थेचे अध्यक्ष होते. ते सत्यशीलेला हाक न मारता, गुरुजींकडं बघून म्हणाले, "पीटीच्या बाईची जागा रिकामी हाय म्हणं. सूनबाई येतील. गाडी सोडंल, गाडी आणंल. पाचच्या आत घरी."

लातूर नव्हतंच ते. शाळाही त्यांचीच, गाडीही त्यांचीच. तिनं हो म्हणायला वेळ लावला. खोलीत गेली, पलंगावर बसली, रडली थोडी. मग बाहेर येऊन गुरुजींना विचारलं, "मुलींचा खो-खोचा संघ हाय का?"

"न्हाई, म्याडम. मैदान हाय."

आता ती रोज जाते. रविवारी दादासाहेबांबरोबर माळावर खेळते. ते हरतात तेव्हा दिवसभर बोलत नाहीत, पण पुढच्या रविवारी पुन्हा येतात. पाहुणे आले की तिला बोलावत नाहीत. पाच वाजायच्या आधीच बिभीषण ड्रायव्हर शाळेच्या फाटकाशी गाडी आणून लावतो आणि हॉर्न देतो. पहिले काही महिने हॉर्न ऐकला की ती शिट्टी वाजवून मुलींना थांबवायची.

परवा तालुक्याच्या सामन्यासाठी सराव चालला होता. डाव रंगात होता, दीपमाला नावाची सातवीतली पोरगी खांबाला वळसा घालून सुटली होती. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग बिभीषण स्वतः मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"ताईसाहेब, दादासाहेब वाट बघतेत."

"बघू दे," सत्यशीला म्हणाली, नजर पोरीवरून न काढता. "डाव संपू दे आधी."