काल्यातला पेंद्या

नंदाबाईला कीर्तनाचं भारी वेड. गावातल्या देवळात सप्ताह बसला की तांड्यावरून ती येणारच. दिवसभर कापूस वेचून आली तरी हातपाय धुऊन पुढं जाऊन बसे, ती आरती झाल्याशिवाय हलत नसे. महाराजांनी चाल उचलली की तिचे डोळे भरून येत.

यंदा काल्याच्या कीर्तनाला निघताना तिचा चौदा वर्षांचा, अंगानं जाड शाम मात्र दारातच बसून राहिला.

"याडी, मी नाही येत. मले पुन्हा पेंद्या करतीन."

"अरे, पेंद्या देवाचा दोस्त होता."

"मंग बारक्या पोराले कायले नाही करत कोनी?"

तिनं त्याला हाताला धरून उठवलं. "माह्याजवळ बस. कोनी उठवनार नाही तुले."

मागच्या महिन्यात शाम शाळेत चक्कर येऊन पडला होता. उमरखेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. या वयात साखर वाढलेली. गोड बंद, दुकानातले चिप्स-बिस्किटांचे पुडे बंद, रोज पळायला लावा, असं त्यांनी निक्षून सांगितलं. "तुमचाच नाही बाई, गावोगावची अशी पोरं येताहेत," असंही म्हणाले. तेव्हापासून नंदाबाई भाकर थापल्याशिवाय वेचणीला जात नव्हती. पळायला मात्र जागा नव्हती. शाळेच्या मैदानात जिनिंगवाल्या दादारावांच्या कापसाची गंजी भाव चढायची वाट पाहत पडली होती.

कीर्तन रंगलं. कृष्ण आला, गाई आल्या, गोपाळ जमले. महाराजांनी मंडपभर नजर फिरवली आणि ती शामवर येऊन थांबली.

"आपला पेंद्या तर आधीच येऊन बसला की. उठा पेंद्याराव. पण खांबाला टेकू नका, मंडप खाली येईल."

मंडप हसला. दोघांनी शामला ओढून उभं केलं. अन्नदान दादारावांचं होतं. त्यांनी हौसेनं लाडवांचं ताट पुढं सरकवलं.

"सारे संपव बरं. प्रसादाले नाही म्हनू नये."

शामनं लाडू उचलला. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू.

ते हसू पाहून नंदाबाई उठली. त्याच्या हातातला लाडू काढून तिनं ताटात ठेवला. टाळ थांबले. प्रसाद परत करणारी बाई त्या देवळानं पाहिली नव्हती.

"महाराज, तुमच्या पाया पडते. पन हे खाऊन माहा पोरगा बिमार पडते."

"घरी तूच चारलं ना," दादाराव म्हणाले. "आता देवाले कायले बोल लावतं?"

"हो, मीच चारलं. अंधारात तुमच्या वावरात वेचाले जाओ, तवा चूल कोन पेटवन? पोराच्या हातात पैसे देओ, तो पुडा खाये. शाळेच्या फाटकापाशी दुसरं भेटते काय? जवारी पेरावं तं बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी. खेळावं तं मैदानात तुमचा कापूस. पोरानं पळावं कुठं, गंजीवर? अन् मंग सारा गाव मिळून त्याले हसता. देव पेंद्याले हसला नोता. त्यानं त्याले जवळ बसवलं होतं."

"बाई, तू बाहेर जा," विणेकरी म्हणाला. "आरतीनंतर पाहू."

"मी काहून जाऊ? कीर्तन माहं बी हाय." शामचा हात धरून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

महाराज पोरांकडे वळले. मग म्हणाले, "आता पेंद्या कोण होणार?"

एकही पोर उठलं नाही.

"चुकलं माझं," महाराज शामकडे पाहून म्हणाले. मग वळले. "दादाराव, गोपाळांना खेळायला अंगण लागतं. मैदान कधी मोकळं करता?"

"भाव आला की."

"मग आरतीही तोवर थांबेल." महाराजांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि तिथंच मांडी घालून बसले. हंडी वर टांगलेली, मागं पंगतीचा भात निवत चाललेला. लोक दादारावांकडे पाहू लागले. शेवटी त्यांनी चरफडत माणसाला गंजी हलवायला ट्रॅक्टर आणायला पाठवलं.

लोकांनी विठ्ठलाचा गजर केला. नंदाबाईचे ओठ हलले नाहीत. पोरांना पळायला जागा मागायची, तर देवाची आरती अडवून ठेवावी लागते, याचा संताप तिच्या छातीत तसाच पेटलेला होता.