पाठमोरे बापूजी

सरकारी कागदावर आमच्या बोरडोहातून मुकुटबनला सायकलनं जाणारं माणूस एकही नाही. हे मला मी सरपंच असताना टपालानं कळलं. पत्र तीन ओळींचं होतं. वाचायला एक मिनिट लागलं आणि राग उतरायला पंधरा दिवस.

आधी गाव सांगते. बोरडोह ते मुकुटबन डांबरी रस्त्यानं अकरा किलोमीटर. रस्ता नाल्याला लांबचा वळसा घालतो आणि त्यावर कोळशाचे ट्रक असे धावतात की सायकलवाल्यानं जीव मुठीत धरून काट्यांत उतरावं. रेल्वेच्या रुळाच्या कडेनं मात्र पाचच किलोमीटर, सरळ आणि सपाट. तिथे रूळ तपासत फिरणाऱ्या गँगवाल्यांच्या पायवाटेची एक पट्टी आहे, तिच्यावरून आमचं अर्धं गाव मुकुटबनला जायचं. सातच्या आत जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्यातल्या बाया, नऊला दूधवाला, दहाला हायस्कूलच्या पोरी. ही वाट रेल्वेची आहे आणि तिथून जाणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोट आणि शाळा दोन्ही त्याच बाजूला, मग करता काय?

मी स्वतः सातवीतच शाळा सोडली. पहिल्या नंबरानं पास झाले होते, पण अकरा किलोमीटर पोरीला रोज कोण सोडणार, असं आजोबा म्हणाले आणि विषय संपला. तो माझ्यापुरता कधीच संपला नाही. दोन हजार सहात सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा नवऱ्यानं मोठ्या हौसेनं माझा फॉर्म भरला. त्याला वाटलं, खुर्चीत आपणच बसू. पहिल्याच सभेत मी त्याला चहा सांगायला पाठवलं आणि तो येईपर्यंत ठराव लिहवून घेतला: रुळाच्या बाजूनं, रेल्वेच्या हद्दीच्या दगडाबाहेरून, मुकुटबनपर्यंत सायकलवाट.

लोक हसले. त्या साली भाव नाही म्हणून कापूस घराघरांत पडून होता, माणसं त्याच्यावरच झोपत होती, अंगाला खाज सुटत होती, आणि ही बाई सायकलींचा रस्ता मागते.

"वहिनी, लगेहात इमानतळ बी मांगून घ्या," आमचे मेंबर बबनराव म्हणाले.

मी ठरावाला अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव टाकलं.

जिल्ह्याकडून इंजिनिअर आला तो नयन नावाचा, नवा नोकरीला लागलेला. टेप घेऊन पाच किलोमीटर माझ्याबरोबर पायी चालला, तेव्हाच मला तो आवडला. त्यानं हिशेब समजावला. खर्चाचा मोठा भाग जिल्ह्याच्या योजनेतून मिळेल, दहावा हिस्सा गावाचा. गावाकडे पैसा नसला तर श्रमदान चालेल. मी म्हटलं, पैसा सोडून आमच्याकडे सगळं आहे. घरटी एक माणूस आठ दिवस, आणि मुरूम गावच्याच बैलगाड्यांनी.

काठच्या अकरा शेतकऱ्यांनी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून पट्टी द्यायची होती. वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात असा आमचा मुलूख, तरी दहा जणांनी सह्या दिल्या. अकरावे शंकरसिंग. ते म्हणाले, "माही तूर निघू द्या, मंग काय खोदाचं ते खोदा." त्यांची वैष्णवी नववीत होती, त्याच वाटेनं जायची.

राहिला एक कागद. नाल्यावर आमची वाट थोडी रेल्वेच्या जागेतून जाणार होती, म्हणून त्यांची ना-हरकत हवी होती. तिकडून ते तीन ओळींचं पत्र आलं: 'बोरडोह फाटकावरील नोंदवहीनुसार मागील अकरा वर्षांत रुळालगत सायकल व पादचारी ये-जा निरंक. सबब सदर मार्गाची आवश्यकता दिसून येत नाही.'

निरंक म्हणजे शून्य. रोज डोळ्यांदेखत जाणाऱ्या माझ्या बाया आणि पोरी, सगळ्या शून्य.

मी पत्र घेऊन तडक फाटकावर गेले. तिथे बापूजी भगत गेटमन होते. बौद्धपुऱ्यातले, आमच्या गावात रेल्वेला लागलेले पहिले. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. गाडी गेली की फाटक उघडून ते लाकडी स्टुलावर बसायचे, ते कायम रुळाकडे पाठ करून. गावातल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ माहीत होता: बापूजींची पाठ दिसली तर बिनघोर निघा, तोंड दिसलं तर साहेब आलाय, मागे फिरा. पाठ केली की त्यांना काही दिसत नव्हतं, आणि दिसलं नाही ते लिहावं लागत नव्हतं. इतकं मलाही माहीत होतं. नोंदवहीचं मात्र माहीत नव्हतं.

"अकरा वर्षं निरंक लिहिलं तुम्ही?" मी पत्र त्यांच्यासमोर धरलं. "एक तरी सायकल लिहायची होती!"

त्यांनी पत्र सावकाश वाचलं. मग खोलीतून जाडजूड वही आणली आणि पहिलं पान उघडलं. तिथे एकच ओळ वेगळी होती, पत्रातल्या अकरा वर्षांच्याही आधीची: 'सायकल – १, स्त्री.'

"हे मानीबाई होय, कोलामाच्या पोडावरल्या वस्तीतली," बापूजी म्हणाले. "नवीन होतो, खरं लिवलं. चौथ्या रोजी साहेब आले, तिले पकडलं. दंड भराले पैसे नोयते, तं सायकल घेऊन गेले. ते सायकल काही वापस आली नाई. साल दीड साल ते बाई पायी गेली जिनिंगले. मंग मी पाठ केली."

यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी म्हटलं, "तुमच्या चांगुलपणानं आमचा रस्ता खाल्ला, बापूजी."

त्यांनी वही मिटून आत नेऊन ठेवली. घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटली.

नयनसाहेब म्हणाले, अजून मार्ग आहे. आपण स्वतः एक दिवस मोजणी करू आणि आकडा पाठवू. अट एकच, कोणालाही आधी सांगायचं नाही, नाहीतर लोक उसन्या सायकली आणून गर्दी करतील. मला ते पटलं. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही आणि बापूजींनाही नाही.

इथेच माझी माती झाली. डिसेंबरातला दिवस. पहाटे सहाला नयनसाहेब फाटकाजवळच्या बाभळीखाली जाऊन बसले. इस्तरीची पँट, खिशाला पेन, मांडीवर कागद. बापूजींनी खोलीतून पाहिलं. टेप घेऊन आम्ही गेलो त्या दिवशीही त्यांची पाठच होती, म्हणून चेहरा ओळखीचा नाही, म्हणजे साहेबच. त्यांनी स्टूल उचललं आणि रुळाकडे तोंड करून बसले.

दुपारपर्यंत नयनसाहेबांच्या कागदावर एक कुत्रं आणि दोन शेळ्या होत्या.

हसू येण्यासारखं होतं, पण त्या दिवशी सगळ्या सायकली डांबरी रस्त्यानं गेल्या. जिनिंगच्या बायांना उशीर झाला, त्यांचा अर्धा रोज कापला गेला. वैष्णवीला ट्रकनं इतकं कडेला दाबलं की ती सायकलसकट खड्ड्यात पडली. हात दोन जागी मोडला. ना मी बापूजींना सांगितलं, ना त्यांनी मला विचारलं. दोघांनीही भलंच केलं होतं आणि हात मोडला तिचा.

संध्याकाळी बापूजी आणि त्यांच्या बायको इंदूबाई दोघं आमच्या अंगणात आले. बापूजींनी टोपी काढून हातात धरली होती.

"सरपंचबाई, मी लिवून देतो. नोंदी खोट्या होत्या, माणसं रोज जात होते."

"नाही," मी म्हटलं. "आठ महिने राहिले तुमचे. चौकशी लागली तर निवृत्तीचा पैसा अडकेल. मी दुसरं काही तरी करीन."

"काय करसान?"

इंदूबाई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "बाई, अकरा वर्सं यायनं पाठ केली. आता तोंड दाखवू द्या."

दुसऱ्या दिवशी मी नयनसाहेबांना घेऊन फाटकावर गेले. त्यांनी अडचण काढली, आणि ती खरी होती. बापूजींनी कधी पाहिलंच नाही, तर आकडा देणार कसा? कोण विश्वास ठेवील?

"कानानं देतो," बापूजी म्हणाले. "उद्या सकाळी या. खोलीत लपून पाहा, मी बोलतो ते लिवा."

तर असं झालं. पहाटे आम्ही दोघं खोलीच्या खिडकीआड. बापूजी नेहमीसारखे रुळाकडे पाठ करून स्टुलावर. धुक्यातून पहिली चेन कुरकुरली.

"मानीबाई. चेन ढिली हाये तिची, कवाची सांगून राह्यलो." मागाहून दुसरी. "रामधनची सून. मांगं नणंद बसली हाये, टायर दबून बोलते." मग एक घंटी. "दूधवाला. आज डब्बे भरले नाई, म्हैस आटली वाट्टे."

नयनसाहेब खिडकीतून पाहत होते, लिहीत होते आणि माझ्याकडे बघून मान डोलवत होते. एकही चुकत नव्हतं. साडेआठला एक सायकल हळूच आली.

"हे..." बापूजी जरा थांबले. "हे तुमचे घरधनी, बाई. सोमवार-गुरुवार पत्ते खेळाले जातेत."

मला तो वणीला बँकेत जातो म्हणून सांगायचा. ते मी घरी गेल्यावर पाहिलं.

दहाला पोरींचा घोळका गेला. बापूजींनी एकेक नाव सांगितलं, आणि मग कान तसाच लावून बसले.

"शंकरसिंगच्या पोट्टीचं मडगार्ड वाजलं नाई," ते म्हणाले. "तिचं बी लिवा, साहेब. ते असती."

दोन दिवसांपूर्वी ज्यांना आगाऊ सांगितलेलंही चालत नव्हतं, त्या नयनसाहेबांनी पेन धरून क्षणभर विचार केला आणि लिहिलं. बेरीज झाली ती एकसष्ट सायकली, चौऱ्याण्णव माणसं. खाली बापूजींनी आपल्या हातानं लिहिलं की मागच्या अकरा वर्षांच्या नोंदी खोट्या आहेत आणि त्या मी जाणूनबुजून केल्या. सही ठसठशीत केली.

दोन महिन्यांनी दोन लिफाफे आले. माझ्या लिफाफ्यात ना-हरकत होती. बापूजींच्या लिफाफ्यात चौकशीची नोटीस आणि बदलीचा हुकूम, शेवटच्या सहा महिन्यांसाठी, लांबच्या एका फाटकावर. पुढे चौकशीत त्यांची निवृत्तीची रक्कम अडकून पडली, ती सुटायला तीन वर्षं गेली. मी चार अर्ज केले, दोनदा स्वतः जाऊन भांडले. उपयोग झाला नाही. झाला असता तर मला बरं वाटलं असतं, पण झाला नाही.

शंकरसिंगांची तूर निघाली आणि काम सुरू झालं. बबनराव मुरमाच्या गाडीवर बसून "हे माही सूचना होती" असं सांगत फिरत होते. मी सांगू दिलं. शाळा उघडायच्या आठवड्यात वाट सुरू झाली. बापूजी तेव्हा लांबच्या फाटकावर होते.

ऑगस्टच्या शेवटी ते निवृत्त होऊन घरी आले. रेल्वेची खोली सोडलेली, सामानात एक पेटी आणि ते स्टूल. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते स्टूल घेऊन वाटेच्या कडेला कडुनिंबाखाली येऊन बसले, वाटेकडे तोंड करून. मी वाटेखालच्या मोऱ्यांत पाणी तुंबलं का पाहायला निघाले होते, म्हणून मला दिसलं.

जिनिंग बंद होतं, पण बाया त्या दिवसांत मुकुटबनकडच्या शेतांत निंदणाला जात होत्या. पुढे मानीबाई होती. तिला बापूजींचं तोंड दिसलं आणि तिनं करकचून ब्रेक लावला. मागच्या सगळ्या थांबल्या. दोघींनी तर सायकली वळवल्यासुद्धा. इतक्या वर्षांची सवय, पायांना कोण सांगणार की आता गुन्हा नाही?

बापूजींच्या ते लक्षात आलं. बायांना उशीर नको म्हणून ते मुकाट्यानं उठले, स्टूल फिरवलं आणि वाटेकडे पाठ करून बसले.

पण मानीबाई सायकल स्टँडवर लावून त्यांच्याकडे गेली. "उठा जी," म्हणाली. ते उठले. तिनं स्टूल पुन्हा फिरवून ठेवलं आणि त्यांना दंडाला धरून बसवलं. "आता पाहा."

आणि ते पाहू लागले. समोरून जाणाऱ्या प्रत्येकीला म्हातारा लहान पोरासारखं निरखत होता. आवाजावरून ज्यांची सात पिढ्यांची कुंडली सांगायचा, त्यांतल्या कितीतरी जणींची तोंडं त्याला नवीन होती. पोरींचा घोळका आला तेव्हा एक सावळी, उंच मुलगी त्यांच्यासमोर थांबली. डावा हात कोपरात किंचित वाकडाच जुळलेला.

"तू कोणची व माय?"

"शंकरसिंगची वैष्णवी."

"खोटं नको बोलू," बापूजी म्हणाले. "तिच्या सायकलचं मडगार्ड वाजते. मले तं काही आयकू नाई आलं."

"आता नाई वाजत, बापूजी," ती म्हणाली. "रस्ता चांगला हाये."